काढायची तारीख

दुपारचा एक वाजत आला होता आणि बाळाचं डोकं काही खाली यायला तयार नव्हतं.

टेबलावर दुर्गा होती. वय एकवीस, पहिलटकरीण, रिठदच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडून तास होत आला होता. कळा चांगल्या, बाळाचे ठोके चांगले, पोरगी धीराची. मग अडलं कुठे? मी तिचा केसपेपर पुन्हा पुन्हा चाळत होते, जणू काही उत्तर तिथंच लिहून ठेवलेलं होतं.

डॉक्टर मॅडम ओपीडी सोडून आल्या. त्यांनी केसपेपर बघितलाच नाही. सरळ दुर्गाच्या ओटीपोटावर हात ठेवला, जरासा दाबला आणि माझ्याकडे वळल्या.

"सिस्टर, हिची लघवी कधी झाली?"

"अकराला, मॅडम."

"बघितली?"

"विचारली होती."

"हात लावा इथे."

मी हात लावला. बेंबीच्या खाली टम्म फुगवटा. नवशिक्या पोरीलासुद्धा कळला असता. लेबर रूममध्ये माझी एकवीस वर्षं झाली होती, आणि मी मात्र नऊला आणि अकराला दोन्ही वेळा कागदावर 'लघवी झाली' असं लिहून, खाली झोकात सही ठोकली होती. लाज वाटली. अजूनही आठवलं की वाटते.

ब्लॅडर म्हणजे लघवीची पिशवी. ती गर्भाशयाच्या अगदी पुढ्यात असते. रिकामी असली तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण भरली की बाळाच्या वाटेतच ठाण मांडते. मग कळा कितीही येवोत, डोकं खाली सरकत नाही.

"आधी ब्लॅडर रिकामा करा," मॅडम म्हणाल्या. "अर्धा तास बघू. डोकं खाली आलं तर ठीक. नाहीतर वाशीमला पाठवावं लागेल, सिझेरियनला. ॲम्ब्युलन्सला सांगून ठेवते."

मी दुर्गाला विचारलं, "काहून वं, झाली म्हनली होती न तू?"

ती कळ ओसरायची वाट बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामाजी बसले होते न दारापाशी."

आता हे समजायला आमचं रुग्णालय बघायला हवं. लेबर रूमच्या बाहेर एक व्हरांडा. त्याच्या टोकाला बायकांचं एकच बाथरूम. आणि बाथरूमच्या अगदी समोर नातेवाइकांसाठी बाक. हा बाक तिथं कुणी ठेवला देव जाणे, पण मी नोकरीला लागले तेव्हापासून तो तिथंच होता. सकाळी सहापासून त्या बाकावर दुर्गाचे मामाजी, म्हणजे सासरे, बसले होते. बिचारे चांगल्या मनाने बसले होते. मुलगा, म्हणजे दुर्गाचा नवरा, ऊसतोडीला साखर कारखान्याकडे. दुर्गाची आई आणि भाऊही तिकडेच. घरातला पुरुषमाणूस म्हणून ते सुनेसाठी चहाही न पिता दार राखत होते.

आणि आमच्याकडची सून सासऱ्यासमोरून बाथरूमला जात नाही. डोक्यावर पदर घेऊन दोनदा ती त्या दारापर्यंत गेली, बाकाकडे बघितलं आणि परत फिरली. परत आल्यावर मी, तिच्या सोबतीला बसलेल्या सासूसमोरच, मोठ्याने विचारलं, "झाली का?" सासूसमोर ती काय सांगणार? म्हणाली, झाली. मी लिहिलं, झाली.

शिवाय तिला धरून ठेवायची सवय. आठव्या महिन्यापर्यंत तीही उसाच्या फडात होती. फडात बाथरूम नसतं. अंधारात एकदा जायचं, पुन्हा अंधार पडल्यावर. मधे पाणीच कमी प्यायचं. ही शिकवण तिथल्या बायकांना कुणी देत नाही, ती आपोआप अंगवळणी पडते. अशा बाईला ब्लॅडर भरला हे जाणवतसुद्धा नाही.

मी आधी बेडपॅन लावलं. नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकून लघवी सुटते, हा आमचा जुना उपाय. पण आता बाळाचं डोकं वाटेवर दाबून बसलं होतं. थेंब येईना.

मग मी ट्रेमध्ये कॅथेटर घेतला. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी. दुर्गाने ट्रेकडे नजर टाकली आणि दोन्ही गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवले.

"थे नळी नाही."

"अवं, एक मिनिटाचं काम हाये."

"नाही म्हनतो न मी. काही करा, पोट फाडा. नळी नोका लावू."

नळीला नाही म्हणणाऱ्या बायका मला नव्या नाहीत. त्यांच्या भीती मला पाठ आहेत. नळी बाळाला टोचेल. दुखेल. पुढे आपोआप लघवी होणार नाही. मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. बाई, लघवीची वाट वेगळी आणि बाळाची वाट वेगळी. नळी बाळापर्यंत जातच नाही. दोन श्वास घेशील तेवढी जळजळ होते, बस. तेवढ्यात कळ आली, म्हणून मी थांबले. कळ गेली, पुन्हा सुरू केलं. सासू कोपऱ्यातून म्हणाली, "मुतायची तर नळी हाये माय, लावून घे न." ॲम्ब्युलन्स दारात येऊन उभी राहिल्याचा आवाज आला. माझा आवाज चढायला लागला होता.

दुर्गाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुगा कितीचा हाये?"

मी बघतच राहिले. नळीला फुगा असतो हे एकवीस वर्षांत मला कुठल्याही पेशंटने विचारलं नव्हतं. शिकलेल्यांनीही नाही.

समजावून सांगते. आतच राहणारी जी नळी असते, तिला आम्ही फोलिज म्हणतो. तिच्या आतल्या टोकाला एक इवलासा फुगा असतो. नळी ब्लॅडरमध्ये गेली की बाहेरून सिरिंजने त्यात मोजून पाणी भरतात, बहुधा दहा एमएल. फुगा फुगतो आणि नळी निसटत नाही. काढताना ते पाणी ओढून घ्यायचं, फुगा बसतो, नळी बाहेर. पाणी न काढता ओढली तर जखम होते. हे सगळं वर्षभर शिकून आमच्या विद्यार्थिनी परीक्षेत चुकतात.

"तुले फुग्याचं कसं मालूम?"

"माह्या बाबाले होती न."

तिचे वडील उसाच्या गाडीवरून पडले होते. कमरेला मार. परजिल्ह्यातल्या कुठल्याशा दवाखान्यातून नळी आणि लघवी जमा होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट घरी आणले. घरची माणसं पुन्हा कामावर गेली आणि वडिलांपाशी राहिली चौदा वर्षांची दुर्गा.

"सकाळ-संध्याकाळ पिशवी मीच रिकामी करो," ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं होतं, काही दिवसाची हाये, निंगीन. नाही निंगाली. सात महिन्यानं बाबाच गेले. तिरडीवर ठेवाच्या आधी मीच सांगतलं, हे तरी काढा आता. तवा काढली."

सासू कोपऱ्यातून पुढे आली. तिलाही हे ठाऊक नसावं.

इतका वेळ मी तिला दुखण्याबद्दल सांगत होते. तिला दुखण्याची भीतीच नव्हती. एकदा लागलेली नळी निघत नाही, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. वस्तीवर तसल्या नळीने घरी आलेला तिचा बाप एकटाच, आणि त्याची नळी मेल्यावरच निघाली. माझं भाषण ऐकून तिने काय करावं?

मी ट्रेमधलं पाकीट उचललं. पाकीट न फोडता तिच्या डोळ्यांसमोर धरलं. ते पारदर्शक असतं.

"पाह्य. तुह्या बाबाची नळी अशी होती काय? नीट पाह्य."

कळ येऊन गेली. घाम पुसून तिने पाकीट हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. टोक बघितलं. मग शेपटीकडचा भाग. मला कळलं ती काय शोधते आहे. फुग्याच्या नळीला बाहेरच्या बाजूला दोन तोंडं असतात, एक लघवीचं, एक फुग्यात पाणी भरायचं.

"इले एकच तोंड हाये," ती म्हणाली.

"फुगाच नाही, तर दुसरं तोंड कायले? ही साधी नळी. आत जाते, रिकामं करते, बाहेर येते. मी सोडली तर आपोआप पडन. हिले राहताच येत नाही."

तिने पाकीट परत दिलं. गुडघे सैल केले.

"तुह्या बाबासारखी लागनार नाही," मी म्हणाले. ही शेवटची ओळ मी बोलायला नको होती. पण पेशंट हो म्हणाला की आम्हाला जरा चेव येतो.

जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. नळी काढून मी तिला दाखवली आणि टाकून दिली. तिसऱ्या कळेला डोकं सरकलं. दीडच्या सुमारास मुलगी झाली, झाल्या झाल्या साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी रडली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर पान खाऊन आला आणि आल्या पावली परत गेला.

मी बाहेर गेले आणि सासऱ्यांना म्हटलं, "काका, नात झाली. आता उठा."

ते घाबरून उभे राहिले. मी बाकाचं एक टोक धरलं, त्यांना दुसरं धरायला लावलं आणि तो बाक उचलून व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तो तिथून हलला. काकांनी कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

इथं हे संपायला हवं होतं.

त्या दिवशी जोडीची सिस्टर रजेवर, म्हणून माझी रात्री आठपर्यंत ड्यूटी. सहाच्या सुमाराला दुर्गाकडे गेले. या वेळी विचारलं नाही, सरळ पोटावर हात ठेवला. पुन्हा फुगवटा. ती दोनदा बाथरूमला जाऊन आली होती, बाक नव्हता, तरीही होईना. फार ताणलेला ब्लॅडर कधीकधी रुसतो, लगेच कामाला लागत नाही. आणि बाळंतिणीचा ब्लॅडर भरलेला राहिला तर गर्भाशय नीट आवळत नाही, रक्तस्राव वाढतो. तिला तसंच ठेवणं शक्य नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "चोवीस तास फोलिज ठेवा. ब्लॅडरला आराम मिळेल."

"मॅडम, एकदा साधीने काढून बघू का?"

"आणि दर चार तासांनी पुन्हा टोचत बसणार? का हो, काय झालं?"

मी सांगितलं. म्हटलं, मी तिला शब्द दिला आहे.

"मग शब्द मोडल्याचं तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला त्यांचा आणखी राग आला.

मी ट्रे न घेताच गेले. दुर्गा बाळाला पाजत होती. मी पलंगाच्या कडेला बसले. पलंगावर बसायला आम्हाला मनाई आहे, पण उभं राहून सांगवेना.

"दुर्गा, दुपारी मी तुले म्हनली का बाबासारखी नळी लागनार नाही. आता लावा लागते. फुग्याची. मी बोलली थे चूक होतं."

तिने बाळावरून नजर उचलली.

"किती दिवस?"

"एक दिवस. उद्या संध्याकाळी सहाले काढतो."

"बाबालेही काही दिवसच म्हनले होते."

मी म्हटलं, "हो. म्हनले असतीन."

तिने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला. मग म्हणाली, "लावा."

फोलिज लावली. रडली नाही. फुग्यात किती पाणी भरते आहे ते मान वर करून बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "दहा." पिशवी पलंगाला अडकवली. मग मी नेहमीप्रमाणे चिकटपट्टीचा तुकडा फाडला, पिशवीवर चिकटवला आणि पेनने लिहायला लागले. नळी घातल्याची तारीख, वेळ, सही. हा आमचा नियम आहे.

"काय लिहून राह्यल्या?"

"नळी कवा घातली थे."

"थे कायले लिहिता? मले मालूम हाये कवा घातली. आताच त घातली. काढाची लिहा."

माझा पेन थांबला. इतक्या वर्षांत इतक्या पट्ट्या लिहिल्या, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. घातल्याची तारीख आमच्यासाठी असते. पेशंटला तिचा काय उपयोग?

मी खाली दुसरी ओळ लिहिली. 'काढायची: उद्या, संध्याकाळी सहा.' मग 'उद्या' खोडून वार लिहिला, कारण उद्या रोजच असतो.

"कोन काढीन थेही लिहा."

मी माझं नाव लिहून मोकळी झाले. लिहिल्यावर आठवलं की दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती आणि वाशीमला घरी भाचीचा साखरपुडा होता.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी भरल्या घरातून पर्स उचलली. जाऊबाईंनी विचारलं, "कुठे निघालात? पाहुणे अजून बसलेत." म्हटलं, नळी काढायला. त्यांना वाटलं घरातल्या नळाचं काही काम आहे. नवऱ्याने डोक्याला हात लावला, पण स्टँडवर सोडलं. बस पंधरा मिनिटं उशिरा सुटली आणि वाटेत एका लग्नाच्या वरातीमागे रखडली. मी पैठणीत, खिडकीशी, घड्याळ बघत. ड्यूटीवरच्या सिस्टरला फोन करून काढायला सांगता आलं असतं. निम्म्या वाटेत तेच करावं असं वाटलंही. केला नाही.

पोहोचले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ड्यूटीवरची सिस्टर दारातच भेटली.

"बरं झालं बाई आलात. सहाला मी काढायला गेले तर हात लावू देईना. पट्टीवर दुसरं नाव आहे म्हणते."

दुर्गा पलंगावर उठून बसली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या पैठणीकडे.

"दहा मिनिट लेट," म्हणाली.

"बस लेट होती, माय."

हात धुतले, ग्लोव्हज घातले. सिरिंज लावून फुग्यातलं पाणी ओढलं. तिने वाकून सिरिंजवरचा आकडा वाचला. दहा. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. नळी सुळकन बाहेर आली. मी ती वर धरून तिला पूर्ण दाखवली.

पण खरी परीक्षा पुढे होती. आता लघवी आपोआप झाली नाही तर नळी पुन्हा घालावी लागणार, आणि मग मी लिहिलेल्या कुठल्याच ओळीवर तिने विश्वास ठेवला नसता. मी तिला दोन ग्लास पाणी प्यायला लावलं. तासभर वाट बघितली. सासरे दूरच्या बाकावरून आमच्याकडे बघत आणि आम्ही बघितलं की मान वळवत.

मग ती बाथरूमला गेली. मी बाहेर दाराशी उभी, पैठणीचा पदर खोचून. आत नळ सोडल्याचा आवाज आला. नंतर तिने नळ बंद केला. मी कान देऊन उभी राहिले. बाईने कुणाच्या लघवीचा आवाज ऐकून डोळे पुसावेत, हे आमच्याच धंद्यात होतं.

ती बाहेर आली. "झाली."

मी तिला पलंगावर नेलं आणि ओटीपोटावर हात ठेवला. मऊ. रिकामं.

"आता इश्वास नाही काय माह्यावर?"

"नाही," मी म्हटलं. ती पहिल्यांदा हसली.

मी पिशवी टाकायला उचलली तेव्हा तिने थांबवलं. पट्टीकडे बोट केलं.

"बाबाच्या पिशवीवरही अशीच पट्टी होती. घातल्याची तारीख होती. मले वाचता ये, मी रोज वाचो. काढाची कुठं लिहेल असन म्हनून पिशवी उलटी करून पाहो." मग म्हणाली, "लिहेल असती त म्या थ्याले नेलं असतं. बैलगाडीत टाकून नेलं असतं. निंगाली असती काय, सिस्टर?"

खोटं बोलणं सोपं होतं. 'हो' म्हणूनही आणि 'नाही' म्हणूनही. मी म्हटलं, "कमरेच्या माराले कवा कवा नळी निंगतच नाही. तुह्या बाबाची निंगाली असती का नसती, मले नाही सांगता येत. पन महिन्या-महिन्यानं बदलाची असते. आन् निंगनार नसन त थे तुले कोनीतरी सांगाले पाह्यजे होतं. तुही चूक नव्हती. तू वाचत होती. लिहेलच नव्हतं."

तिने मान हलवली. रडली नाही, पण बाळाला उचलून जवळ घेतलं आणि बराच वेळ तोंड लपवून बसली. मी तिथंच बसून राहिले. शेवटची बस चुकली, नवरा मोटरसायकल घेऊन न्यायला आला.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. 'लघवी झाली का' हा प्रश्न विचारणं सोडलं. आता हात ठेवते आणि मगच लिहिते. आणि प्रत्येक पिशवीवर दोन ओळी. घातल्याची तारीख, काढायची तारीख. कधी काढायची ते ठरलं नसेल तर कुठल्या दिवशी येऊन विचारायचं ते लिहिते. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, हे कुठल्या नियमात आहे? म्हटलं, नाही साहेब, नियमात नाही. मग पट्टीवर जागा कशाला अडवता, म्हणाले.

मी मोजून बघितलं आहे. पट्टी तीन बोटं रुंद असते. दोन ओळी आरामात मावतात.